रेडिओसाठी पहिली गोष्ट: सांगली-मिरजेतील नवोदितांसाठी

जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला पाणी चढू लागले, की सांगलीत दोन माणसे भेटल्यावर पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येते आणि त्यावरून गावभागातील एखादे घर धान्याचे डबे माडीवर चढवायचे की आणखी एक रात्र वाट पाहायची, हे ठरवते. १९२९ साली खुला झालेला कृष्णेवरचा आयर्विन पूल, त्यावर मोजली जाणारी पाणीपातळी, वरच्या धरणांतून सोडलेले पाणी आणि आकड्यावरून संसार हलवण्याची शहराची सवय, एवढे सगळे त्या दोन शब्दांत आहे. शहराचे जगणे, इतिहास आणि विज्ञान यांवर रेडिओसाठी गोष्ट करू पाहणाऱ्याला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही. तरीही नवखा माणूस हाच विषय घेऊन बसला, की बहुतेक वेळा 'कृष्णा ही सांगलीची जीवनवाहिनी आहे' या वाक्याने सुरुवात करतो आणि ऐकणारा तिथेच बटण फिरवतो.

पुढील सूचना आकाशवाणीसाठी किंवा एखाद्या समुदाय रेडिओसाठी पाच-सात मिनिटांची गोष्ट स्वतः ध्वनिमुद्रित करून तयार करू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत, मग ते विद्यार्थी असोत, शिक्षक असोत किंवा निवृत्तीनंतर हाती वेळ आलेले कोणी. मी काही वर्षे नैमित्तिक निवेदनाचे आणि ध्वनिसंकलनाचे काम केले आहे, आणि यातील बहुतेक गोष्टी चुकत चुकत शिकलो आहे. त्या सर्वांच्या मुळाशी एकच बाब आहे. वाचणाऱ्याला वाक्य कळले नाही तर तो पुन्हा वाचतो. ऐकणाऱ्याला मागे जाता येत नाही. तो भाकरी थापत असतो, दुकानाचे शटर उघडत असतो, उसाला पाणी पाजत असतो, आणि त्याचे एक वाक्य निसटले की पुढची दोन आपोआप निसटतात. विषय निवडण्यापासून शेवटची कात्री लावेपर्यंतचा प्रत्येक निर्णय या कसोटीवर घासून पाहावा.

आधी आठवडाभर ऐकावे

लिहायला बसण्यापूर्वी निदान आठवडाभर ठरावीक वेळी रेडिओ ऐकावा, आणि तोही वही-पेन घेऊन. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ पासून आहे, साताऱ्यात आकाशवाणीचे एफएम केंद्र आहे, आणि माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग' हा समुदाय रेडिओ चालतो. या प्रत्येकाचा श्रोता निराळा आहे. समुदाय रेडिओचा प्रक्षेपक लहान शक्तीचा असतो आणि त्याचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूतच नीट पोहोचतो. त्यामुळे तेथे 'बाजारतळाजवळच्या वडाखाली' एवढे म्हटले तरी श्रोत्याला जागा दिसते. सांगली केंद्र मात्र कोल्हापूरपासून सीमाभागापर्यंत ऐकले जात आले आहे. तेथे 'मारुती चौक' म्हणताना तो चौक पुरात लवकर पाण्याखाली जातो, हे सांगितल्याशिवाय निम्म्या श्रोत्यांना काही कळणार नाही.

ऐकताना कार्यक्रमाचा प्रकार, त्याची लांबी आणि आपले मन कोठे भरकटले ती वेळ, एवढे तीनच रकाने लिहावेत. एकट्याने केलेले वाचन म्हणजे भाषण, दोघांचे बोलणे म्हणजे मुलाखत, आणि निवेदन, माणसांचे बोल व प्रत्यक्ष जागेवरचे आवाज यांची गुंफण म्हणजे रूपक, असा ढोबळ फरक आकाशवाणीच्या भाषेत केला जातो. नवख्याने रूपकाकडे वळावे असे माझे मत आहे. भाषण सोपे वाटते, पण सात मिनिटे एकाच आवाजावर श्रोता धरून ठेवणे हे मुरलेल्या वक्त्याचे काम आहे.

समुदाय रेडिओसाठी काम करणाऱ्याने एक नियम ध्यानात ठेवावा. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या प्रसारित करता येत नाहीत. स्थानिक हवामान, वाहतूक, पाणी आणि वीज यांविषयीच्या सूचना, सण-उत्सव, परीक्षा, नैसर्गिक आपत्तीतील माहिती यांना मात्र मुभा आहे. म्हणून 'काल महापालिकेत काय झाले' हा विषय तेथे नेऊ नये. 'नळाला येणारे पाणी कोठून उचलतात आणि कसे शुद्ध करतात' हा न्यावा, आणि खरे तर तोच अधिक काळ टिकतो.

विषय मुठीत मावेल एवढा घ्यावा

'सांगलीची हळद' हा विषय नव्हे, ते ग्रंथाचे नाव आहे. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, ही त्यातील एका ओळीची माहिती झाली. गोष्ट होते ती हरिपूरच्या पेवांची. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील या गावात जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवीत असत. बंद पेवात प्राणवायू कमी होतो, त्यामुळे कीड जगत नाही आणि माल महिनोन्‌महिने टिकतो. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नसते, कारण ज्या हवेत किडा मरतो त्या हवेत माणूसही गुदमरतो. २००५ च्या महापुरात या पेवांचे मोठे नुकसान झाले आणि हळद गोदामांत व शीतगृहांत गेली. येथे एक जागा आहे, एक कृती आहे, त्यामागे रसायन आहे आणि एक तारीख आहे. पाच मिनिटांना एवढे पुरून उरते.

विषय ठरवताना मी स्वतःला विचारतो, की यात ऐकू येण्यासारखे काय आहे. हळद दिसायला देखणी आहे, पण तिचा पिवळा रंग रेडिओवर कोठे दाखवणार? त्याउलट मार्केट यार्डातील सौद्याचा गलका, हळकुंडे पोत्यातून ओतली जातानाचा खडखडाट आणि वाळलेले हळकुंड मोडताना येणारा 'कट्' असा कोरडा आवाज, हे कानाने घेता येते. रंगाची गोष्ट सांगायचीच असेल तर कोणाच्या तरी हाताने ती घडवून आणावी. हळदीत ओला चुना कालवला की ती लाल होते. हळदीतील रंगद्रव्य अल्कधर्मी चुन्याशी भेटले की रंग बदलते, आणि पारंपरिक कुंकू याच कृतीने होते. एखाद्या आजीला ते कालवायला लावून 'आता काय दिसतंय?' असे विचारावे आणि गप्प राहावे. त्यांच्या तोंडून येणारे 'लालजर्द झालं की' हे तीन शब्द आपल्या परिच्छेदभर वर्णनाहून बरे असतात.

मध्यम लहरींवरील प्रसारणात ध्वनीचा साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचा भाग श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही, तर एफएमवर तो पंधरा किलोहर्ट्झपर्यंत पोहोचतो. याचा अर्थ बांगड्यांची किणकिण, पानांची सळसळ, फोडणीची चुरचुर असे बारीक आवाज मध्यम लहरींवर नुसत्या फुसफुशीसारखे ऐकू येतात. हमालाची हाक, ढोलाचा ठोका, बैलगाडीच्या चाकाचा करकराट टिकून राहतो. आपली गोष्ट कोठे वाजणार आहे हे पाहूनच आवाज गोळा करावेत.

इतिहासाच्या बाबतीत पाय जपून टाकावा

सांगलीच्या इतिहासावर बोलणाऱ्यांचे पाय दोन ठिकाणी हमखास घसरतात. पहिले ठिकाण रंगभूमीचे. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीता स्वयंवर' सादर केले आणि तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, हे पक्के आहे. पण 'मराठीत लिहिले गेलेले पहिले नाटक' असे म्हणू नये, कारण तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात त्यापूर्वी मराठी नाटके लिहिली गेली होती. 'पहिला', 'सर्वांत जुना', 'एकमेव' हे शब्द आपल्या संहितेत आले की त्यांखाली लाल रेघ मारावी आणि पुरावा हाती येईपर्यंत ती पुसू नये.

दुसरे ठिकाण जिल्ह्याचे. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून अस्तित्वात आला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्याआधी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती, तर तासगाव, वाळवा, खानापूर हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार 'साताऱ्याचे' का म्हटले जाते, त्याचे उत्तर येथे आहे. शोध घेणाऱ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की जुन्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसू नये. तासगावची माहिती हवी असल्यास १८८५ चा सातारा जिल्ह्याचा गॅझेटियर उघडावा. तो महाजालावर विनामूल्य वाचता येतो, मात्र तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेला आहे, हे विसरू नये.

लोकांच्या आठवणी जरूर घ्याव्यात, पण तारखा त्यांच्यावर सोपवू नयेत. पुराच्या आठवणींत १९५० ते २०२१ पर्यंतची सगळी वर्षे एकमेकांत मिसळलेली असतात. सांगणाऱ्याला न दुखवता 'तेव्हा तुमचा थोरला कितवीत होता, मामा?' असे विचारले, की वर्ष बहुधा आपोआप सापडते.

यंत्रसामग्री, थोडक्यात

सुरुवातीला मोबाइल पुरतो. ध्वनिमुद्रण वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर करावे. फोन विमान-मोडवर टाकावा, नाहीतर ऐन मुलाखतीत गॅस एजन्सीचा फोन येतो. तोंडापासून माईकचे अंतर एक वीत असावे आणि तो नाकासमोर न धरता किंचित बाजूला धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर बसत नाही. घाटावर किंवा पुलावर वारा असतोच. तेव्हा माईकला फोमची टोपी आणि तिच्यावर केसाळ आवरण घालावे. संकलनासाठी ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकून घ्यावे, ते अनेक वर्षे पुरते.

एका गोष्टीवर मात्र पैसे खर्च करावेतच: कान झाकणारा बरा हेडफोन. मुद्रण चालू असताना तो कानांवर असलाच पाहिजे. मी पहिल्या वर्षी विश्रामबागमध्ये एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांची तासभर मुलाखत घेतली. मिरजेहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीच्या आठवणी, त्याही अशा की पुन्हा कोणी सांगणार नाही. घरी येऊन ऐकले तेव्हा सगळ्या तासावर छताच्या पंख्याची घरघर आणि मागून फ्रीजचा सूर. माणसाचा कान पंखा गाळून ऐकतो, माईक गाळत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काकांनी त्याच आठवणी पाठ केल्यासारख्या सांगितल्या; पहिल्या दिवशीचे अडखळणे आणि मध्येच आलेले हसू परत आले नाही. आता मी खोलीत शिरल्यावर आधी पंखा बंद करण्याची परवानगी मागतो, आणि उन्हाळ्यात ती मागताना फार संकोच होतो. फ्रीज बंद केल्यास आपली गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय आपण निघूच शकत नाही.

निघण्यापूर्वी कोणी न बोलता त्या जागेचा मिनिटभर आवाज मुद्रित करावा. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. संकलनात दोन वाक्ये सांधताना तोच मधल्या फटीत भरावा लागतो.

नदीचा आवाज घेण्यासाठी तिन्हीसांजेला पाण्याच्या कडेला एकट्याने बसू नये. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत आणि हेडफोन घातलेल्या माणसाला मागची चाहूल लागत नाही.

माणसाशी बोलताना

मिरजेत तंतुवाद्ये करणाऱ्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी आजही गायन-वादन होते. या विषयावर गोष्ट करायला जाणारा नवखा माणूस कारागिराला पहिला प्रश्न विचारतो तो असा: "आपल्या घराण्याची परंपरा किती जुनी आहे?" त्याचे उत्तर ते शंभर वेळा देऊन चुकलेले असतात, आणि ते तसेच वाजते.

मी गेलो तेव्हा दुकानात एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे घोडी घासून सूर खुलवत होते. मी काहीच विचारले नाही, माईक घोडीपासून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपासून, हातभर अंतरावर धरला आणि थांबलो. त्यांनी कानशीने घोडीचा माथा दोन-तीन वेळा हलकेच घासला, फुंकर मारली, तार छेडली. आवाज बसका आला, डब्यावर बोट आपटल्यासारखा. पुन्हा कानस, पुन्हा फुंकर. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोऱ्याचा एक तुकडा सरकवला आणि तार छेडत तो केसभर केसभर मागे-पुढे करू लागले. एका जागी आवाज एकदम उघडला. एका तारेतून जणू चार-पाच सूर एकावर एक उमलत गेले आणि खोली भरली. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "चाचा, आता काय झालं?" ते म्हणाले, "बोलायला लागला."

ही पंचेचाळीस सेकंदे म्हणजे आपल्या गोष्टीचा कणा. बाकीचे सगळे तिच्याभोवती बांधायचे. येथे विज्ञान आपसूक आत येते: तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती असते, कंप पावणारी तार तिच्या माथ्याला चाटत राहते आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर उपस्वरांची, म्हणजे त्याच तारेतून निघणाऱ्या वरच्या सुरांची, गर्दी उठते, दोरा ती चाटण्याची जागा नेमकी करतो. सी. व्ही. रमण यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणा यांच्या याच गुणावर संशोधन प्रसिद्ध केले होते. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद (कंप नसलेला बिंदू) पडतो ते नियमानुसार ऐकू यायला नकोत, पण या वाद्यांत ते ठळक ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. श्रोत्याने आवाज उघडताना आधी ऐकलेला असतो, म्हणून हे स्पष्टीकरण त्याला जड जात नाही. क्रम उलटा केला, आधी रमण आणि मग तार, तर वर्ग भरल्यासारखे वाटते.

प्रश्नांबाबत एवढेच सांगतो, की 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर येईल तो प्रश्न विचारू नये, 'तुम्हाला कसे वाटले?' हाही विचारू नये. 'मग काय केलंत?' हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. उत्तर संपल्यावर मनात तीन आकडे मोजावेत; खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. 'हो, हो', 'बरोबर' असा हुंकार देण्याची आपल्याकडील सवय समोरासमोर सभ्यपणाची असली, तरी मुद्रणात ती प्रत्येक वाक्याच्या शेपटीला चिकटते आणि कापता येत नाही. मान डोलवावी, तोंड मिटलेले ठेवावे. बोलणाऱ्याच्या बोलीला हात लावू नये. 'न्हाई', 'व्हय', 'कवाधरनं' असे कोणी म्हणत असेल तर ते तसेच जाऊ द्यावे, आणि 'जरा शुद्ध बोला' असे तर कधीही सांगू नये. शेवटी नाव, गाव आणि प्रसारणास संमती त्यांच्याच आवाजात मुद्रित करून घ्यावी.

संहिता कानासाठी लिहावी

मी या लेखात लांब वाक्ये लिहीत आहे, कारण हा लेख वाचायचा आहे. निवेदनाच्या संहितेत असे करू नये. तेथे एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, क्रियापद लवकर यावे आणि 'ज्याने', 'ज्यामुळे' यांची साखळी टाळावी. मिनिटाला साधारण ११० ते १२० शब्द या गतीने मराठी नीट ऐकू जाते, म्हणून पाच मिनिटांच्या रूपकात माणसांचे बोल आणि आवाज वगळता निवेदनाला तीनशेच्या आसपास शब्द उरतात. लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. जेथे दम लागतो तेथे वाक्य मोडावे.

सर्वाधिक काळजी आकड्यांची घ्यावी, कारण निसटण्यात आकडा पहिला असतो. पुराच्या दिवसांत क्युसेक आणि टीएमसी हे दोन शब्द सतत कानांवर पडतात, आणि कित्येक शिकलेली माणसेही ते एकमेकांच्या जागी वापरतात. क्युसेक म्हणजे वेग: दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर, म्हणजे दर सेकंदाला दोन घागरी. टीएमसी म्हणजे साठा: शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेकने पाणी अखंड चोवीस तास वाहिले तर ८.६४ टीएमसी होते. कोयना धरण सुमारे १०५ टीएमसीचे आहे. त्या हिशेबाने लाख क्युसेकने वाहत राहिले तर ते रिकामे व्हायला बारा दिवस लागतील. संहितेत यातला एखादाच आकडा ठेवावा आणि तो घागरीसारख्या ओळखीच्या वस्तूत बसवावा.

तीच गोष्ट आयर्विनच्या फुटांची. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. बाहेरगावच्या श्रोत्याला वाटते, की शहरात ५७ फूट पाणी भरले होते. तो आकडा पुलाजवळच्या मोजपट्टीवरचा आहे, रस्त्यावरील पाण्याच्या खोलीचा नाही, हे एका वाक्यात सांगणे निवेदकाचे कर्तव्य आहे. पाणी इतके का चढते, हे सांगताना वारणेला विसरू नये. ती सांगलीच्या अगदी खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी भरल्या, की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव कमी मिळतो आणि ते शहराच्या बाजूला तुंबते.

दोन आकडे शेजारी ठेवून एखाद्या वेळी जे साधते, ते विशेषणांच्या माळेने साधत नाही. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. कृष्णेला लाख क्युसेकचा पूर असतो तेव्हा एवढे पाणी पुलाखालून सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात निघून जाते. ही तुलना मी एकदा निवेदनात वापरली आणि तिच्यानंतर तीन सेकंद काहीही ठेवले नाही. आकडा पचायला तेवढा वेळ लागतो.

संकलन आणि सुपूर्द करणे

मुद्रित केलेले सगळे एकदा पूर्ण ऐकून कागदावर वेळेसह टिपून काढावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळणाऱ्याचे संकलन दुप्पट वेळ घेते. मग बोलातील उत्तम तुकडे निवडावेत. एक तुकडा तीस-चाळीस सेकंदांहून मोठा नसावा. 'अं', 'म्हंजे', खोकला काढावा, पण श्वास काढू नये. श्वासाविना माणूस यंत्रासारखा वाजतो. अर्थ बदलेल अशी कात्री कधीही लावू नये. 'धरणामुळे पूर येतो असं लोक म्हणतात' यातील 'असं लोक म्हणतात' उडवले, की वाक्य त्या माणसाचे मत होऊन बसते, आणि ऐकल्यावर त्याला जे वाटेल त्याला आपण जबाबदार असतो.

पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीते वापरू नयेत. भारतात ध्वनिमुद्रिकेवरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, आणि त्यानंतरही गीताच्या व संगीताच्या हक्कांचा प्रश्न निराळा उरतो. ज्या गोष्टीत तंबोरा आहे तिला बाहेरचे संगीत कशाला हवे?

केंद्राकडे देताना फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या ध्वनिसंदेशासारखी पाठवू नये. त्यात आवाज दाबला जातो आणि दर्जा घसरतो. पेनड्राइव्ह किंवा ईमेलमधून मूळ वेव्ह फाइल द्यावी. सोबत पूर्ण संहिता, नेमकी लांबी मिनिटे-सेकंदांत, पहिले आणि शेवटचे वाक्य, आणि निवेदकाने वाचायचे चार ओळींचे प्रास्ताविक असावे. प्रास्ताविकात गोष्टीतील गुपित फोडू नये. कार्यक्रम विभागातील मंडळी कापायला सांगतील. बहुतेक वेळा त्यांचे बरोबर असते, पण आवाज उघडण्याची ती पंचेचाळीस सेकंदे कापायला कोणी सांगितले तर नम्रपणे एकदा हेडफोनवर ऐकून पाहण्याची विनंती करावी.

प्रसारणाच्या दिवशी गोष्ट एकट्याने ऐकू नये. ज्यांना काही ठाऊक नाही अशा एखाद्या माणसाशेजारी, ते आपले काम करत असताना बसावे, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. तंबोऱ्याची गोष्ट लागली तेव्हा आई मेथी निवडत होती. तार बसकी वाजली तेव्हा तिचे लक्ष नव्हते. आवाज उघडला तेव्हा तिचा हात थांबला. गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "तो दोरा सुताचा असतो का रेशमाचा?" माझ्या सहा पानी टिपणांत ते कोठेही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा मिरजेची एसटी पकडली.